समुद्राकाठी जीपचा धंदा : आधी खडक बघा, मग गाडी घ्या



दोन महिन्यांपूर्वी कोकणातल्या एका वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत एक तरुण मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "सर, पाच मिनिटं." त्याने एक व्हिडिओ दाखवला. कुठलातरी परदेशी किनारा, खाली लाटा आपटतायत आणि वरच्या काळ्या खडकांवरून एक जीप एकेक चाक टेकवत सावकाश चढतेय.

"सर, याला रॉक क्रॉलिंग म्हणतात. असाच कातळ माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. मुंबई-पुण्याचे पर्यटक शनिवार-रविवार आमच्याकडेच असतात. दोन फोर बाय फोर घ्यायच्या, माणशी हजार रुपये लावायचे, कातळावरून फिरवून आणायचं. वीस लाखांच्या कर्जाला बँक हो म्हणालीय. बाबांची कलमांची बाग तारण ठेवतोय. सोमवारी सही आहे."

मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, सही एक आठवडा पुढे ढकल. तोपर्यंत कागद-पेन घेऊन बसू."

आजचा धडा म्हणजे त्या आठवड्यात आम्ही कागदावर जे मांडलं ते. तुम्हाला जीपचा धंदा करायचा नसेल तरी वाचा. होमस्टे असो, बोट असो की कॅम्पिंग, हेच प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहेत.

धडा १ : आपण नेमकं काय विकतोय?

आधी माल ओळखू या. रॉक क्रॉलिंग म्हणजे वेगाचा खेळ नव्हे. इथे जो सर्वात सावकाश जातो तो सर्वात हुशार. गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालवायची आणि तरी चाकाला ताकद भरपूर मिळाली पाहिजे, ही त्यातली गंमत.

हे कसं जमतं? फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केस नावाचा एक जादा गिअरबॉक्स असतो. त्यात 'लो रेंज' टाकली की चाकांचे फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर, ट्रान्सफर केसचं लो गुणोत्तर आणि ॲक्सलचं गुणोत्तर, या तिघांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो.

सोपे आकडे धरू. पहिला गिअर ४, लो रेंज २.५, ॲक्सल ४. गुणाकार ४०. म्हणजे इंजिन ४० वेळा फिरलं की चाक एकदा फिरणार. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर चाक मिनिटाला २० फेरे घेईल. ३० इंच व्यासाच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर. म्हणजे मिनिटाला ४८ मीटर, ताशी तीन किलोमीटरच्या आत. तुमची आजी देवळात जाते त्या वेगाने!

आता गाडीची अंगकाठी. नवी थार पाहिली तर जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पुढून चढायचा कोन ४१.८ अंश, पोट न घासता ओलांडायचा कोन २७ अंश, मागून उतरायचा ३६.८ अंश. म्हणजे आज शोरूममधून निघालेली गाडीसुद्धा बऱ्यापैकी खडक चढू शकते. अशा गाड्या घेतलेले हजारो लोक शहरात आहेत. त्यातल्या बहुतेकांनी लो रेंजचा लिव्हर आयुष्यात एकदाही ओढलेला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच धंदा उभा राहणार आहे.

मग कौशल्य कशात आहे?

एक, टायरची हवा. डांबरी रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर खडकावर ती १८ ते २० वर आणतात. टायर पसरतो, दगडाला बिलगतो. मात्र परत रस्त्यावर जाण्याआधी हवा भरलीच पाहिजे, म्हणजे जागेवर कॉम्प्रेसर हवा.

दोन, चाक कुठे ठेवायचं. नवशिका मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायला बघतो आणि डिफरन्शियल आपटून घेतो. जाणकार चाकच दगडावर चढवतो, म्हणजे गाडीचं पोट उचललं जातं.

तीन, स्पॉटर. गाडीपुढे उभा राहून हाताच्या खुणांनी वाट दाखवणारा माणूस. ड्रायव्हरने त्याच्याकडेच बघायचं आणि खुणा एकाच माणसाने करायच्या. चार मित्र चार बाजूंनी "डावीकडे घे, उजवीकडे घे" ओरडायला लागले की गाडी आडवी झालीच समजा.

थोडक्यात, गिऱ्हाईक पैसे मोजतो ते "मी स्वतः हे चढवलं" या भावनेसाठी, आणि ती त्याला स्पॉटर देतो. म्हणजे या धंद्याचं खरं भांडवल शिकलेला माणूस आहे. गाडी त्यानंतर येते.

धडा २ : समुद्राचं वेळापत्रक तुमच्या गिऱ्हाइकाला माहीत नाही

आता त्या तरुणाच्या कातळाकडे वळू. मी त्याला विचारलं, "तुझं गिऱ्हाईक किती वाजता येणार?"

"सर, नाश्ता करून अकरा-बारापर्यंत."

"आणि कातळ उघडा कधी असतो?"

तो गप्प. कोकणात जन्मलेला मुलगा, त्याला भरती-ओहोटी माहीत आहे. पण ती धंद्याच्या तक्त्यात कशी बसवायची हा विचार त्याने केला नव्हता. आपण करू.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. या शनिवारी दुपारी १२ ला पूर्ण ओहोटी असेल तर सात दिवसांनी ती ३५० मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ सहा तासांनी सरकलेली असते. पुढच्या शनिवारी बाराच्या सुमाराला तिथे भरती! म्हणजे गिऱ्हाईक दर शनिवारी येणार, कातळ मात्र एक शनिवार सोडून एक मिळणार.

अजून एक गोष्ट आहे, ती कोळी बांधव चांगली जाणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढायची जुनी रीत आहे. पौर्णिमा म्हणजे १५, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी भरती दुपारच्या सुमाराला आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. पण तो भांग, पाणी फार मागे जातच नाही!

निष्कर्ष काय? समुद्र जेव्हा खूप मागे जातो तेव्हा तुमचं गिऱ्हाईक परत निघालेलं असतं किंवा अंधार पडत असतो. आणि गिऱ्हाईक जेव्हा मोकळं असतं तेव्हा समुद्र अर्धवटच हटलेला असतो. (ही रीत अंदाजासाठी आहे. प्रत्यक्ष कामासाठी छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच वापरायचं.)

त्यात त्या कातळावर शेवाळ असतं. धारदार कालवं असतात, ती टायरची बाजू ब्लेडसारखी चिरतात. खारं पाणी ब्रेक, बेअरिंग आणि वायरिंगच्या जोडांमध्ये शिरतं. रोज गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुतलं नाही तर दोन सीझनमध्ये गंज दिसायला लागतो. आणि गाडी अडकली तर? डोंगरात अडकलेली गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबते. समुद्रात अडकलेल्या गाडीला घड्याळ लागलेलं असतं. दर मोठ्या सुट्टीनंतर लाटांमध्ये बुडालेल्या पर्यटकांच्या गाड्यांचे फोटो आपण पेपरात बघतोच.

धडा ३ : ती जागा कुणाची आहे?

हा प्रश्न नवीन उद्योजक सर्वात शेवटी विचारतात. तो सर्वात आधी विचारायचा असतो.

भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सीआरझेड-१ बी या वर्गात येतो. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत सीआरझेडची हद्द धरली जाते. तिथे कायमचं काही उभारायचं, खडक फोडून वाट करायची, तर ती तुमच्या-माझ्या मर्जीची गोष्ट राहत नाही. वर अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यालाच बंदी आहे. गाडी वाळूत घातली म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या गोव्यातूनही येतात आणि आपल्याकडूनही.

कायदा बाजूला ठेवला तरी तीन हिशोब उरतात.

पहिला, त्या कातळावर आधीच एक धंदा चालू आहे. ओहोटीला टोपली घेऊन कालवं काढायला बायका उतरतात, ती त्यांची रोजी आहे. तुमची जीप त्यांच्या रोजीवरून गेली की गाव तुमच्या विरोधात जाणार, आणि ते बरोबरच असेल.

दुसरा, ऑलिव्ह रिडले कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती अंडी घालतात, पिल्लं बाहेर पडणं त्यापुढेही चालू राहतं. म्हणजे तुमच्या पर्यटन हंगामातच. वेळाससारख्या गावाने कासवं जपूनच होमस्टेचा धंदा उभा केला, हे विसरू नका.

तिसरा, वरचा सडा. बरेच जण म्हणतात, "खाली नको तर सड्यावर चालवू, मोकळाच आहे." थांबा. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंध्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी आणि गोव्यात फणसायमाळ, अशी नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावर मातीखाली, गवताखाली काय आहे हे वरून कळत नाही. हजारो वर्षं टिकलेली रेघ एका टायरने पुसली तर ती पुन्हा आणता येत नाही. पावसाळ्यात याच सड्यांवर फुलं येतात, तो वेगळाच मुद्दा.

हे सगळं ऐकल्यावर तो मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, धंदाच होणार नाही?"

मी म्हटलं, "समुद्राच्या दगडावर होणार नाही. पण समुद्र दिसणाऱ्या दगडावर?"

धडा ४ : बंद पडलेली चिरेखाण

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरलात तर जांभा दगडाच्या बंद पडलेल्या चिरेखाणी जागोजागी दिसतील. जांभा ताजा कापताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून तर आपली घरं त्याची. चिरे काढून झाले की मागे उरतो पायऱ्या-पायऱ्यांचा खड्डा. शेतीला निरुपयोगी आणि मालकाच्या दृष्टीने डोकेदुखी.

रॉक क्रॉलिंगच्या दृष्टीने मात्र या तयार पायऱ्या आहेत. एक चिरा उंचीची पायरी नवशिक्याला, दोन चिऱ्यांची सरावलेल्याला. जमीन आधीच खणलेली असल्यामुळे नव्याने निसर्ग ओरबाडायला नको. खाण समुद्रापासून किलोमीटरभर आत, उंचावर असेल तर सीआरझेडच्या बाहेर राहून समोर समुद्रही दिसतो. भरतीचं कोष्टक बघायला नको, मिठाचा गंज खूप कमी.

धोके आहेतच. मशीनने कापलेल्या उभ्या भिंती ढासळू शकतात, कडेपासून लांब कुंपण घालावं लागतं. पावसाळ्यात खड्ड्यात खोल पाणी साचतं आणि ओला जांभा घसरतो. म्हणून मी हिशोबात जून ते सप्टेंबर पूर्ण बंद धरतो. कडेचा दगड भुसभुशीत असतो, दर महिन्याला ट्रॅक तपासून दुरुस्त करावा लागतो.

कागदपत्रांची यादी लिहून घ्या :

- सातबारा बघा. मालक किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का? भाडेकरार नोंदणीकृत करा, निदान पाच वर्षांचा.
- खाणीचा परवाना बंद झाला आहे ना, गौण खनिजाची थकबाकी नाही ना, हे तहसील कार्यालयात विचारा. बिनशेती वापराची परवानगी लागेल का, हेही तिथेच.
- महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. जमीन, पाणी, हवा, कुठलाही साहसी उपक्रम चालवायचा तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. हा कागद नसेल तर उद्या अपघात झाल्यावर तुमची बाजू कुणीच घेणार नाही.
- पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत पैसे घेऊन माणसं बसवणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही. खासगी विम्यातही भाड्याने वापरलेली गाडी बसत नाही.
- गाडीत मनाला येईल तसे बदल करू नका. कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही सांगतात की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल चालत नाहीत.
- सार्वजनिक दायित्वाचा विमा घ्या. गिऱ्हाइकाकडून जबाबदारीच्या फॉर्मवर सही घ्यायचीच, पण निष्काळजीपणा तुमचा असेल तर ती सही तुम्हाला वाचवत नाही.
- उद्यम नोंदणी मोफत आहे, आजच करा.

धडा ५ : आता आकडे

खालचे आकडे शिकवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या तालुक्याचे दर विचारून तुमचे आकडे तुम्ही भरा, रीत हीच ठेवा.

आधी मुलाचा मूळ प्लॅन. कर्ज वीस लाख, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण ४२,५०० रुपये. वर्षाचे ५,१०,००० रुपये. पावसाळा सोडून ३० वीकेंड धरले तर ६० दिवस. म्हणजे प्रत्येक कामाच्या दिवशी ८,५०० रुपये फक्त बँकेचे. आणि भरती-ओहोटीमुळे त्यातले अर्धेच दिवस मिळाले तर? दिवसाला १७,०००. माणशी हजार रुपये धरले तर रोजची पहिली सतरा माणसं बँकेची. डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती सगळं त्यानंतर. आणि तारण काय? बाबांनी वीस वर्षं जपलेली कलमं.

आता दुसरा प्लॅन. गाडी गिऱ्हाइकाने स्वतःची आणायची. मघाशी सांगितलं ना, शहरात फोर बाय फोर खूप आहेत आणि लो रेंज वापरलेले कमी. आपण द्यायचा ट्रॅक, शिक्षण, स्पॉटर आणि अडकल्यावर बाहेर काढायची सोय.

सुरुवातीची गुंतवणूक :

- जेसीबीने ट्रॅक, ४० तास, ताशी १,२०० प्रमाणे : ४८,०००
- विंच, ओढायचे दोर, शॅकल, जॅक : ९०,०००
- ओढून काढायला एक जुनी फोर बाय फोर : ३,५०,०००
- कॉम्प्रेसर, वॉकीटॉकी, प्रथमोपचार, अग्निशामक : ४७,०००
- शेड, संडास, पाण्याची टाकी : १,२०,०००
- नोंदणी, करार, वकील : ६०,०००

एकूण ७,१५,००० रुपये.

वर्षाचा ठरलेला खर्च :

- जागाभाडं, महिना १०,००० : १,२०,०००
- विमा : ४०,०००
- दोन स्पॉटर, रोज १,२०० प्रमाणे ६० दिवस : १,४४,०००
- ट्रॅक दुरुस्ती : ३६,०००
- जीपचं डिझेल आणि दुरुस्ती : ६०,०००
- जाहिरात, फोन : ३०,०००
- घसारा, गुंतवणुकीचा पाचवा हिस्सा : १,४३,०००
- तुमचा स्वतःचा पगार, महिना २०,००० : २,४०,०००

एकूण ८,१३,००० रुपये.

स्वतःचा पगार का लिहिला, असं विचारू नका. दहापैकी आठ जण तो लिहीत नाहीत असं माझ्या वर्कशॉपमध्ये मला दिसतं, आणि मग वर्षाअखेर "धंदा चालतोय पण हातात काही राहत नाही" म्हणतात.

आता एका गाडीची फी २,५०० धरू. त्यात दोन माणसांचं जेवण, चहा, किरकोळ मिळून ५०० जातात. उरले २,०००. आठ लाख तेरा हजार भागिले दोन हजार, म्हणजे वर्षाला ४०७ गाड्या. ६० दिवसांत रोज सात. इतक्या गाड्या आल्या तर ना नफा ना तोटा.

रोज चारच आल्या तर? २४० गाड्या, ४,८०,००० रुपये. कमी पडले ३,३३,०००. म्हणजे तुमचा वर्षाचा पगार गेला, वर ९३,००० खिशातून.

मग करायचं काय? बहुतेक जण म्हणतात, फी कमी करू, गर्दी वाढेल. उलट करून बघा. फी ३,५०० करा, पण प्रत्येक गाडीला तीन तास शिकवा, तिन्ही पातळ्या पार करून घ्या आणि त्याचा व्हिडिओ हातात द्या. व्हिडिओचे २०० धरून खर्च ७०० झाला, उरले २,८००. आता २९१ गाड्या पुरतात, रोज पाच. खडकावर पाच गाड्या सांभाळणं सातपेक्षा सोपं आणि सुरक्षितही. पाचाची सहावी गाडी आली की ते २,८०० तुमच्या नफ्याचे.

एका गावाची गोष्ट

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात जॉर्जटाऊन नावाचं छोटं गाव आहे. तिथून लेक टाहोकडे जाणारी रुबिकॉन ट्रेल म्हणजे रॉक क्रॉलिंगवाल्यांची पंढरीच. १९५३ साली गावकऱ्यांनी ठरवलं की गावात चार पैसे यावेत म्हणून या वाटेवरून जीपची सहल काढायची. पहिल्या वर्षी ५५ जीप आणि १५५ माणसं आली. त्यातूनच जीप जांबोरी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. गावाने गाड्या विकत घेतल्या नाहीत. लोक आपापल्या जीप घेऊन आले. गावाने वाट दाखवली, जेवण दिलं, मुक्कामाची सोय केली.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. गर्दी वाढली आणि सोयी वाढल्या नाहीत. २००४ मध्ये त्या वाटेवरच्या स्पायडर लेकचा परिसर मानवी मैल्यामुळे बंद करावा लागला. २००९ मध्ये पाणी-गुणवत्ता मंडळाने तेलगळती, मैला आणि वाहून येणारी माती यांवरून साफसफाईचा आदेश काढला. म्हणून वरच्या यादीतला संडास हा "नंतर बघू" म्हणायचा खर्च नव्हे. गाडीतून तेल गळलं तर टिपायला भुसा आणि ताडपत्रीही पहिल्या दिवसापासून हवी. खाणीतलं पाणी शेवटी गावाच्या विहिरीतच उतरतं.

सात लाख घालण्याआधी

आधी चार रविवारची चाचणी करा. नोंदणी झालेला एखादा साहसी पर्यटन चालक गाठा, त्याच्या परवान्याखाली आणि विम्याखाली एकत्र कार्यक्रम घ्या. दिवसाचं जागाभाडं ३,०००, दोन स्पॉटर २,४००, भाड्याची ओढणारी जीप ५,०००, असे रोज १०,४०० धरले तर चार रविवारचे ४१,६००. शिवाय त्या चालकाचा हिस्सा. एवढ्यात तुम्हाला तीन गोष्टी कळतील : लोक खरंच ३,५०० देतात का, पाच गाड्या येतात का, आणि तुम्हाला स्वतःला दिवसभर उन्हात उभं राहून दुसऱ्याला शिकवण्याचा कंटाळा येतो का. तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा.

एक नियम मात्र चाचणीतही मोडायचा नाही. दोराने गाडी ओढताना बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा आणि दोर कधीही टो-बॉलला अडकवू नका. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. एका रविवारचं गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्यात "भरती-ओहोटी" कोणती? म्हणजे गिऱ्हाईक मोकळं असतं पण तुमचा माल किंवा जागा तयार नसते, असे वर्षात किती दिवस? ते मोजा आणि कामाच्या दिवसांतून वजा करा.

२. तुम्ही जी सर्वात महाग वस्तू विकत घेणार आहात, ती गिऱ्हाइकाकडे आधीच आहे का?

३. ज्या जागेवर धंदा करणार तिथे आज कुणाचं पोट भरतंय? त्यांच्याशी बोललात का?

४. स्वतःचा पगार धरून ना-नफा-ना-तोट्याचा आकडा काढा. रोज किती गिऱ्हाइकं लागतात ते एका ओळीत लिहून भिंतीवर लावा.

त्या तरुणाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्याने सोमवारी सही केली नाही. पुढच्या सोमवारीही नाही. बाग मोकळी आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक बंद चिरेखाण त्याने हेरलीय. पाचपैकी चार मालक तयार आहेत, पाचवे काका ठाण्याला असतात, त्यांची सही बाकी आहे. धंदा अजून सुरू झालेला नाही आणि होईलच याची मी हमी देत नाही. पण परवा त्याचा फोन आला तेव्हा म्हणाला, "सर, बाबांना सगळा कागद दाखवला. ते म्हणाले, रविवारी मीच येतो खाण बघायला."

बाग तारण ठेवायला जे वडील नाइलाजाने तयार झाले होते, ते आता स्वतः जागा बघायला निघालेत. मला वाटतं, धंद्याची सुरुवात अशी व्हायला हवी.

पुढच्या भागात भाडेकराराच्या कलमांवर बोलू. तोपर्यंत तुमचा रोजचा आकडा काढून ठेवा. भेटू या!